तारखेची वाट पाहणारे गुरुजी

मास्तर व्हायला एकेकाळी सातवी पुरत असे. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला पोरगा स्कूल बोर्डात चिकटायचा, पुढे कधीतरी ट्रेनिंग कॉलेजला जाऊन यायचा आणि एखाद्या वाडीवर एकट्याने शाळा चालवायचा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर असाच, मिसरूड फुटायच्या वयात धनगरवाडीत जाऊन पोचलेला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर असे मास्तर होऊन गेले. त्यांची नातवंडे आज त्याच खुर्चीसाठी रांगेत आहेत, पण रांग मोठी झाली आहे. बारावी, दोन वर्षांची डी.एल.एड. म्हणजे जुनी डीएड, मग शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर नोंदणी, स्वप्रमाणपत्र, प्राधान्यक्रम, निवड यादी, कागदपत्रांची पडताळणी, समुपदेशन. एवढे उरकल्यावर मिळते ती तीन वर्षांची शिक्षणसेवकी. पूर्ण पगाराचा शिक्षक त्यानंतर.

तरीही मुले-मुली या वाटेला जातात. का, हे समजायचे तर या दोन तालुक्यांची जमीन पाहावी लागते. नीरा डावा कालवा १८८५ पासून इथे पाणी आणतो. कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस आणि साखर कारखाने, शेपटाला मात्र पाळीची वाट पाहणारी शिवारे. बारामतीचा सुपे-मोरगावकडचा भाग तर कायमचा जिरायत. इंदापूरच्या उत्तर अंगाची कैक गावे उजनीच्या पाण्यात गेली आणि माणसे वर सरकली. मळ्यात वस्ती करून राहण्याची रीत दोन्हीकडे आहे, त्यामुळे शाळाही वस्तीवर. गावठाणातली मोठी शाळा वेगळी आणि अमुकवस्ती, तमुकमळा अशा नावांच्या दोन खोल्यांच्या शाळा वेगळ्या. अशा ठिकाणी पोराने पाहिलेला पहिला पगारदार माणूस म्हणजे गुरुजी. उसाचे बिल कारखान्याच्या मर्जीने येते, दूध डेअरीचा हिशेब दहा दिवसांनी होतो, पण गुरुजींचा पगार दर महिन्याला ठरलेला. दोन-तीन एकर जिरायत असलेल्या घरात या नियमितपणाचे मोल फार मोठे असते.

शिकण्याची सोयही इथे लवकर आली. बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान उभे राहिले. माळेगावजवळ शारदानगरला मुलींचे महाविद्यालय झाले. इंदापुरात तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचे महाविद्यालय आले. त्याआधीपासून रयत शिक्षण संस्थेच्या शाळा होत्याच. ‘रयत’चे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी शाळा काढण्यापूर्वी शिक्षक घडवायला हवेत हे ओळखून १९३५ मध्ये साताऱ्याला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले होते. खेड्यातल्या मुलानेच शिकून खेड्यातल्या शाळेवर जावे, हा त्यामागचा हिशेब. पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचे गुरुजी याच हिशेबातून तयार झाले.

पुढे हिशेब फिसकटला तो डीएडच्या भरभराटीत.

२००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. शिक्षक नेमायचा, पण पहिली तीन वर्षे मानधनावर. सरकारला तो स्वस्त पडला, भरतीही मोठ्या प्रमाणात झाली. त्याच सुमाराला वस्तीशाळा निघाल्या आणि हजार रुपये मानधनावर निमशिक्षक नेमले गेले. त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घ्यायला पुढे २०१४ साल उजाडले. पण लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र एकच होते: डीएड केले की नोकरी. बारावीला चांगले गुण मिळवलेली, डॉक्टर-इंजिनिअरच्या खर्चाला बिचकणारी शेतकऱ्याची मुले डीएडच्या गुणवत्ता यादीकडे डोळे लावून बसू लागली. मुलींच्या बाबतीत तर डीएड हा लग्नाच्या बोलणीतला मुद्दा झाला. ‘मुलगी डीएड आहे’ म्हटल्यावर समोरची मंडळी सरसावून बसत, हुंड्याचा आकडाही त्यावर खाली-वर होई. मागणी पाहून संस्थाचालकांनी अध्यापक विद्यालये काढली आणि राज्यात ती हजाराच्या पुढे गेली. दरवर्षी किती शिक्षक लागतील आणि किती बाहेर पडतील, ही साधी वजाबाकी मंजुरी देणाऱ्यांनी मांडली नाही. या प्रकरणातली मूळ चूक तीच. तिचे खापर मात्र पुढे ‘एवढे डीएड कशाला केले’ म्हणून उमेदवारांवरच फुटले.

फुगा फुटायला दोन गोष्टी पुरल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. कागदावरची मुले वर्गात नाहीत हे उघड झाले, तुकड्या कमी झाल्या आणि शिक्षक अतिरिक्त ठरले. मग २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली भरती थांबली. आधी अतिरिक्तांचे समायोजन, मग नव्यांचा विचार, असे धोरण. २०१० च्या शिक्षकभरती सीईटीने जे लागले ते लागले. त्यानंतर पदविका हातात पडलेल्यांना पुढची राज्यस्तरीय परीक्षा द्यायला मिळाली थेट डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात अध्यापक विद्यालये ओस पडली, कित्येक बंद झाली. ज्या प्रवेशासाठी ऐंशी टक्के कमी पडत, तिथे जागा रिकाम्या राहू लागल्या.

याच काळात दार अरुंद झाले, आणि ते होणे गरजेचे होते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ऑगस्ट २०१० मध्ये पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरवली आणि तीत टीईटी आली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. निकाल बहुतेक वेळा एकेरी टक्क्यांत लागला. यावरून डीएडच्या शिक्षणाचा दर्जा काय होता हे दिसले, असे काहीजण म्हणतात. दुसरी बाजू म्हणते की प्रश्नच वर्गाशी नाते नसलेले असतात. दोन्हींत तथ्य आहे.

टीईटी ही नुसती पात्रता. नोकरी मिळते ती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर. दोनशे प्रश्न, दोन तास, संगणकावर. त्यातले १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. अंकमालिका, आकृत्या, सांकेतिक भाषा, थोडे इंग्रजी, थोडे मानसशास्त्र. बँकेच्या परीक्षेची तयारी केलेल्याला ही चाचणी ओळखीची वाटते. पाटीवर ‘क’ काढताना हात थरथरणाऱ्या मुलाजवळ बसून काय करायचे, हे ती विचारत नाही आणि तशा चाचणीत विचारताही येत नाही. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. ही चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टल येण्याआधी खासगी अनुदानित शाळेतली जागा कशी भरली जाई, हे पश्चिम महाराष्ट्रात कुणालाही माहीत आहे. संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा पाहुणा किंवा डोनेशन, हे दोनच रस्ते. एकर विकून लागलेले गुरुजी गावोगाव सापडतील. पोर्टलने तो रस्ता निदान अडवला. मुलाखतीसह भरती करणाऱ्या संस्थांकडे आता पोर्टल गुणांनुसार उमेदवार पाठवते आणि संस्थेला त्यांच्यातूनच निवडावे लागते. ऊसतोडणी मुकादमाकडे हिशेबनीस असलेल्या माणसाची मुलगी पैसे न मोजता शाळेवर लागू शकते, हे पूर्वी अशक्य होते.

परीक्षेवरचा विश्वास टिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनीच तो घालवला, हा या कथेतला सगळ्यात कडवट भाग. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीच्या निकालात फेरफार केल्याचे पुणे सायबर पोलिसांच्या तपासात समोर आले. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द करून त्यांना पुढच्या परीक्षांना बंदी घालण्यात आली. प्रामाणिकपणे नापास झालेल्याला त्या दिवशी काय वाटले असेल, याची चौकशी कुठल्याच समितीने केली नाही. घोटाळा निस्तरेपर्यंत टीईटीच बंद. नोव्हेंबर २०२१ नंतरची टीईटी झाली १० नोव्हेंबर २०२४ ला. वर्षातून किमान एकदा ही परीक्षा घ्यावी, असे राष्ट्रीय परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले असताना तीन वर्षे गेली.

या सगळ्या तारखा एका ओळीत मांडल्या की भावी शिक्षकाचे दुखणे कळते. नोकरी देणाऱ्या राज्यस्तरीय परीक्षा झाल्या त्या २०१०, २०१७, २०२३ आणि २०२५ साली. पहिले अंतर सात वर्षांचे, दुसरे पाचाहून अधिक, तिसरे दोनाचे. परीक्षेपासून नेमणुकीपर्यंतचा काळ वेगळा: डिसेंबर २०१७ च्या चाचणीची पहिली निवड यादी लागली ऑगस्ट २०१९ मध्ये. फेब्रुवारी-मार्च २०२३ च्या चाचणीला सव्वादोन लाखांच्या आसपास उमेदवार बसले, जाहिरात आली फेब्रुवारी २०२४ मध्ये, २१,६७८ जागांची. म्हणजे साधारण दहाजणांत एक जागा. हे प्रमाण स्पर्धा परीक्षांच्या मानाने वाईट नाही. राज्यसेवेच्या मुलांना ते ऐकून हेवा वाटेल. पण राज्यसेवेला निदान वेळापत्रक असते. २०१० ला पदविका घेतलेल्या वीस वर्षांच्या उमेदवाराचे पहिली परीक्षा देताना वय सत्तावीस आणि दुसरी देताना तेहेतीस झालेले असते. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८. हिशेब ज्याचा त्याने करावा.

या मधल्या वर्षांत ही माणसे करतात काय? सगळ्यांचा समज असतो की अभ्यास करतात. बारामतीत अभ्यासिका आणि अकादम्या भरपूर आहेत, पोलीसभरती करणारा, तलाठी करणारा आणि टीईटी करणारा एकाच टेबलावर बसलेला दिसतो. पण वर्षानुवर्षे नुसता अभ्यास कुणाला परवडत नाही. कुणी बारामती एमआयडीसीत पाळीवर जाते, कुणी पतसंस्थेत रोखपाल होते, कुणी भिगवणच्या बाजारात दुकान टाकते. शिकवणे सोडवत नाही ते इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. या शाळा दोन्ही तालुक्यांत बसगाड्यांसह वस्त्यांपर्यंत पोचल्या आहेत. तिथला पगार शेतमजुराच्या रोजाशी ताडून पाहिला तर मजुरी सरस ठरते. कनिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर जाणाऱ्यांचीही तीच कथा. तास झाला तर पैसे, दिवाळीची सुटी लागली की कमाई बंद. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक तर आशेवर जगणारी वेगळी जमात आहे. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघाला, २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदानाचा टप्पा मिळाला, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानाची वारी करावी लागली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा डीएड-बीएड झालेले कितीतरी जण सहा महिन्यांचे प्रशिक्षणार्थी म्हणून जिल्हा परिषदेच्याच शाळांत शिकवायला गेले. ज्या वर्गावर कायम शिक्षक म्हणून जायचे, त्याच वर्गावर दहा हजारांपर्यंतच्या विद्यावेतनावर.

घरात राहून वाट पाहणाऱ्या मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. सासरी दोन मुले झाल्यावर अंकमालिका सोडवायला बसणाऱ्या बाईला घरातून एकच प्रश्न ऐकावा लागतो: ‘यंदा तरी निघणार का जागा?’ त्याचे उत्तर तिच्याकडे नसते आणि परीक्षा परिषदेकडेही नसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये डीएडवाल्यांना एक दिलासा मिळाला. पहिली ते पाचवीसाठी बीएड ही पात्रता चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात दिला. प्राथमिकची जागा प्राथमिकचे प्रशिक्षण घेतलेल्यालाच मिळावी, हे तर्काला धरून आहे. बीएड मात्र २०१५ पासून दोन वर्षांचे झालेले, म्हणजे पदवी धरून पाच वर्षे घातलेल्यांचे एक दार बंद झाले. नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच किमान पात्रता करण्याचे म्हटले आहे. आज बारावीत असलेल्या मुलीने डी.एल.एड.ला जावे, की चार वर्षांच्या पदवीला, याचे ठाम उत्तर तालुक्यातला कुणी समुपदेशक देऊ शकत नाही.

निवड झालीच, तर नेमणूक कुठे? पुणे जिल्हा परिषदेच्या शाळा साडेतीन हजारांच्या पुढे असल्या तरी प्राधान्यक्रमात पुणे सगळ्यांचेच वर असते, त्यामुळे गुण कमी पडलेला बारामतीकर पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग गाठतो. तिथे जाऊन आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणे हा पुढचा अध्याय. कोकणातले डीएडधारक यावर चिडतात आणि त्यांचे चुकत नाही: घाटावरचे येतात, तीन-चार वर्षांत बदली करून जातात, आमच्या शाळा रिकाम्या राहतात. स्थानिकांना प्राधान्य द्या ही त्यांची मागणी आहे. इंदापूरच्या उमेदवाराला ती आपल्यावर अन्याय वाटते. दोघांचे भांडण एकमेकांशी लागले आहे, जागा न भरणारे बाजूला राहिले आहेत.

आणि जागा तरी किती काळ राहतील? वस्तीवरच्या शाळांचा पट घसरतो आहे. मुले कमी जन्मतात आणि जन्मलेली पिवळ्या बसमध्ये चढतात. शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांची पदे आणखी आवळली. त्याच वर्षी सप्टेंबरात कमी पटाच्या शाळेतले एक पद निवृत्त शिक्षकाला किंवा बेरोजगार डीएड-बीएडधारकाला पंधरा हजारांवर कंत्राटी देण्याचे ठरले. शिक्षकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला आणि पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. छोट्या शाळा एकत्र करून पानशेतच्या धर्तीवर समूहशाळा करण्याची कल्पनाही चर्चेत आहे. मात्र गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरात बीड-नगरकडून टोळ्या येतात, त्यांच्या पोरांसाठी शिक्षक कमीच पडतो. पटावरून पदे मोजणाऱ्या पद्धतीला पाच महिने इथे आणि सात महिने तिथे असलेले मूल मोजता येत नाही.

पैशाच्या बाजूने थोडी सुधारणा झाली आहे. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन वर्षानुवर्षे सहा हजार होते. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार झाले. तीन वर्षांनी प्राथमिक शिक्षक २९,२०० च्या मूळ वेतनावर येतो. जुनी पेन्शन मात्र नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नाही. तरीही तालुक्यात एवढी बेगमी देणारी दुसरी नोकरी सहज दाखवता येत नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सगळा पट उलटा केला. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असा तो निकाल. २३ नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीला पावणेपाच लाखांच्या आसपास नोंदणी झाली, त्यात वीस-वीस वर्षे शिकवलेले गुरुजी आणि त्यांचेच माजी विद्यार्थी एका केंद्रावर आले. संघटना रस्त्यावर उतरल्या. रांगेतल्या पोरांची प्रतिक्रिया कोरडी होती: आम्ही दहा वर्षे हेच देतोय. ती प्रतिक्रिया निष्ठुर वाटली तरी ती कुठून आली हे समजण्यासारखे आहे.

चांगला शिक्षक या चाळणीतून येतो का? उजनीच्या पलीकडे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेवर शिकवलेले रणजितसिंह डिसले अभियांत्रिकी अर्धवट सोडून, वडिलांच्या सांगण्यावरून डीएडला गेले आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळवले. पुणे जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. या शिक्षकांचा पहिला निकष अंकमालिका नव्हता. त्यांना वर्ग मिळाला आणि काम करायला वेळ मिळाला. पण अशी उदाहरणे सभेत सांगायला सोपी आहेत. रोज मतदार यादीची बीएलओची कामे, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराचा हिशेब करून चार इयत्ता एकत्र शिकवणारा शिक्षक पुरस्काराशिवायच चांगला असतो, आणि भरती व्हायला हवी ती अशांची.

परीक्षा कठीण ठेवा, यावर भावी शिक्षकांतल्या बहुतेकांची हरकत नाही. गुणवत्ता यादी, पोर्टल, टीईटी हे सगळे राहू द्यावे. डोनेशनच्या जमान्यात परत जायचे कुणालाच नाही. त्यांचे म्हणणे तारखेबद्दल आहे. सरकारला करता येण्यासारखे तीन बदल आहेत आणि तिन्हींना नवा कायदा लागत नाही. टीईटी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यावी, तसे राष्ट्रीय परिषदेच्या सूचनेतच आहे. अभियोग्यता चाचणी दर दोन वर्षांनी निश्चित घ्यावी आणि निकालापासून नेमणुकीपर्यंतची मुदत जाहिरातीतच छापावी. आणि दर जूनमध्ये जिल्हानिहाय निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचा आकडा जाहीर करावा. तो पगारपत्रकात तयारच असतो. तो कळला तर बारावीच्या निकालानंतर शारदानगरला किंवा इंदापूरला अर्ज भरायला निघालेल्या मुलीच्या बापाला चार वर्षांनी काय असेल याचा अंदाज बांधता येईल. तोवर ज्या घरात हा निर्णय होतो आहे तिथे एवढे तरी व्हावे: फी भरण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात गेल्या पाच वर्षांत इथून किती जण जिल्हा परिषदेत लागले हे विचारावे, आणि उत्तर आकड्यात मिळाले नाही तर दुसऱ्या कॉलेजात जावे.